पेंढ्यातलं बिरडं

निडी गावात सकाळी घरोघर पत्रकं वाटली आणि दुपारी स्टेशनाकडे परत फिरताना बघते तर काय, त्यातलं एक पत्रक एका अंगणात पसरलेलं आणि त्याच्यावर वालाच्या ओल्या सालांचा ढीग. मला राग आला. त्या वर्षांत मला राग यायला कारण लागत नसे. इथे तर कारण होतं. ते पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. पेणच्या आमच्या मंडळाच्या खोलीत स्वतः स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाईलच्या शाईनं कोपरापर्यंत काळी होऊन छापलं होतं. ‘तेल कमी, आयुष्य जास्त!’ असा मथळा, आणि त्या उद्गारचिन्हावर साली.

“काकी, ते वाचायला दिलं होतं,” मी बाहेरूनच म्हणाले.

“वाचलं की.” अंगणातल्या बाईनं मान वर केली नाही. बुटकी, रुंद, पाटावर अशी बसलेली की उठवायला दोन माणसं लागावीत. “दोनदा वाचलं. म्हनून तर साली टाकल्या त्याच्यावर.”

मी आत शिरले. भांडायच्याच तयारीनं.

“‘मोड आलेले वाल सालासकट शिजवावेत,’” तिनं ओला अंगठा पत्रकाच्या मधोमध टेकवून वाचलं. “ह्ये कुनी लिवलंय?”

“मी.”

“तू खाल्लंयस कधी सालासकट?”

“सालीत चोथा असतो. शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर...”

“म्या इचारलं, खाल्लंयस का?”

नव्हतं खाल्लं.

“सालासकट आमी म्हशीला घालतो गो. तिचं आयुष्य वाढलंय का, जा इचारून ये. गोठा मागं हाय.” आणि मग दुसरा पाट माझ्याकडे सरकवला. “बस. हात लाव सोलायला. उभ्यानं भांडलं की पाय दुखतात.”

ही जनाकाकी. त्यानंतरचे तीन महिने मी निडीला या ना त्या निमित्तानं जात राहिले. मंडळाच्या वहीत मी ‘जनजागृती’ असं लिहीत असे. खरं म्हणजे वाल सोलत असे.

वाल सोलणं हे बसून करायचं काम आहे. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि दाणा सुळकन उडतो, कधी पातेल्यात, कधी शेजारणीच्या पदरात. शेरभर वाल एकटीनं सोलायचे म्हणजे शिक्षा. म्हणून शेजारणी येऊन बसतात आणि पातेलं भरेपर्यंत गावातल्या प्रत्येकाची सालं निघतात. “वाल सोलताना खोटं बोलता येत नाय,” जनाकाकी म्हणायची, “दोन्ही हात गुतलेले आसतात.” हे ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की मी पहिले दोन महिने त्यावर विश्वास ठेवला.

ती चौथी शिकलेली होती आणि छापलेल्या प्रत्येक गोष्टीशी तिचं भांडण होतं. निवडणुकीचं पत्रक, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, वड्याच्या पुडीचा कागद, जे हातात येईल ते ती मोठ्यांदा वाचायची आणि दर ओळीला थांबून उलट बोलायची. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ “प्रार्थनीय हाय तर न्यायला गाडी धाड की.” चव घ्यायची तीही तिच्या पद्धतीनं. पळीला तोंड लावणं तिला मान्य नव्हतं. मनगटाच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकायचा, आधी हुंगायचा, मग चाटायचा आणि मग डोळे मिटून गप्प बसायचं. त्या वेळी कुणी बोललं तर ती डोळे न उघडता हात वर करायची, फाटकवाल्यानं लाल झेंडी दाखवावी तसा.

त्या पहिल्याच दिवशी, सोलता सोलता, तिनं मला घरची गोष्ट सांगितली. तिचा नवरा धर्माकाका रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. गणपती उठले त्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला छातीत कळ आली आणि तो बॉयलरच्या पायथ्याशीच बसला. जीव वाचला. पण कंपनीच्या डॉक्टरनं निक्षून सांगितलं: तीन महिने घरी बसा. वजन उतरलं, रक्तातली चरबी उतरली, तर फिटनेसचा दाखला देतो. नाही उतरली तर कामावर यायचं नाही, कधीच. नारळ बंद. तेल नावाला.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. दोन दिस उकडलेला भोपळा खाल्लान. तिसऱ्या दिशी चार वाजता फिरून आला तो मिशीला वड्याचा वास. म्या इचारलं, कुटं गेलावता? म्हनं, देवळात.” तिचे खांदे हलायला लागले. जनाकाकी हसायची ती अशी, आवाज न करता, फक्त खांद्यांनी. मग खांदे थांबले. “त्याला बिरडं पायजे गो. ताटात बिरडं पडलं की त्यो मानूस घरात ऱ्हातो. नाय पडलं की बाह्यर. आनि बाह्यर ऱ्हायला तर मरंल.”

“पण नारळाशिवाय...”

“त्येच तर. तुजं पत्रक काय नको त्ये सांगतं. काय पायजे त्ये कुटं लिवलंय?”

मी उत्तर न येण्याबद्दलही रागावले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बिरडं म्हणजे आमच्याकडची नुसती उसळ नव्हे. माणूस आजारातून उठला की बिरडं, लेक माहेरी आली की बिरडं, भांडण मिटलं की बिरडं. कडवे वाल, आणि त्याच्यावर वाटलेल्या ओल्या नारळाचा दाट रस, वर बोटभर तेलाचा तवंग. तो नारळ काढून घेतला की उरतात पाण्यात पोहणारे वाल. जनाकाकीचं म्हणणं असं, की हा रस नारळाकडून उसना न घेता वालाकडूनच काढायचा. वालाच्या पोटात तो असतो, पण माणसाला धीर नसतो. चुलीवर घाई केली की वाल फुटतो आणि लगदा होतो. हळू शिजवला तर दाणा अख्खा राहतो, जिभेवर मोडतो आणि रसही सोडतो.

हळू म्हणजे किती हळू? तिचं माहेर गागोदे बुद्रुकच्या बाजूला. तिकडे लावणीच्या दिवसांत सगळ्या बाया शेतावर जायच्या, तेव्हा तिची आई सकाळी भाताला एक उकळी आणून मडकं तसंच पेंढ्यात पुरून ठेवायची. दुपारी बाया परत आल्या की भात तयार, वाफ निघते आहे, आणि चुलीत विस्तव नाही. जनाकाकीनं लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी केली, तळाला, चारी बाजूंनी, वर, सगळीकडे पेंढा दाबून भरला, मध्ये पातेल्याएवढं घरटं केलं आणि वर जुनी गोधडी.

पहिल्या दिवशी वाल खडे निघाले. दुसऱ्या दिवशी कोमट खडे. तिसऱ्या दिवशी अर्धे शिजलेले आणि आंबूस, म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं. मी पेणच्या ग्रंथालयात जाऊन उष्णतेच्या वहनावर दोन पानं उतरवून आणली. ती तिनं वाचली, दर ओळीला उलट बोलली, आणि शेजारची तारा कुंपणापलीकडून मला म्हणाली, “पानं कशाला आनतंस गो? ही बाय दर पंधरा मिन्टांनी झाकन उघडून बघतंय, त्याला वाल काय करतील?”

खरं होतं. हात न लावता स्वयंपाक होतो यावर जनाकाकीचा विश्वासच नव्हता. “पोर पाळन्यात टाकलं म्हनून काय बघू पन नये?”

शेवटी पेटीला कुलूप लागलं आणि चावी ताराकडे. बारा वाजायच्या आत द्यायची नाही, असं जनाकाकीनंच बजावलं. अकराला मी अंगणात पोचले, तर जनाकाकी कुंपणापाशी.

“तारे, चावी दे.”

“नाय देत. तूच सांगितलंस.”

“म्या सांगितलं तवा मी शानी व्हते. आता नाय. दे.”

“बारा वाजूंदे.”

“तुज्या सासूला सांगेन, तवा यील घाम.”

“सासू मेली माजी गेल्या दिवाळीला. तूच रडलीस की मोठ्यांदा.”

जनाकाकी तणतणत परत आली आणि पेटीवरच जाऊन बसली, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. बारापर्यंत उठली नाही. त्या दिवशीचं पातेलं उघडलं तेव्हा वाल अख्खे होते, मोत्यासारखे, आणि खाली दाट, पिवळसर रस. मूठभर दाणे ठेचून तिनं त्यातच घोटले. आमसुलं आता टाकली, आधी नाही. “आंबट आधी घातलं की वाल रुसतो, मंग जलमभर शिजत नाय.” आणि सगळ्यात शेवटी, एका चमचा तेलात लसूण, हिंग आणि मोहरी तडतडवून वरून ओतली. आधी घातलेली फोडणी पातेल्याच्या तळाला जाते. नंतर घातलेली सरळ नाकात जाते.

मी वाटीभर खाल्लं. मी पत्रकात काय काय लिहिलं होतं ते विसरले.

धर्माकाकानं एक घास घेतला. उंच, हाडकुळा होऊ लागलेला, मिशीचा अजून अभिमान असलेला माणूस. घास जिभेवर फिरवला. “नारळ कुटंय?”

“घातलाय की.”

“नाय घातला. म्या खवल्याचं आयकलं नाय.”

आणि ताट सरकवून तो उठला.

दुसऱ्या दिवसापासून निडीत एक नाटक सुरू झालं, ते दोन महिने चाललं. रोज सकाळी धर्माकाका ओटीवर दात घासायला बसला की आतून विळीवर नारळ खवल्याचा आवाज यायचा. खर्रर्र, खर्रर्र, सावकाश, भरपूर. मध्येच जनाकाकी मोठ्यांदा म्हणायची, “काय गोड नारळ हाय बाय ह्यो!” आणि तो खवलेला पांढराशुभ्र नारळ मागच्या दारानं, कुंपणावरून, ताराच्या ताटलीत. नारळाचा एकच तुकडा ती घरात ठेवायची. तो निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, छोट्या वाटीत घालून ती वाटी रशावर तरंगत ठेवायची, झाकण मारायचं आणि वाढायच्या आधी काढून घ्यायची. पातेल्यात नारळाचा वास, नारळ नाही.

“नाक फसलं की जीब गपचूप मागनं येते,” ती म्हणाली.

धर्माकाका दोन वाट्या खायला लागला. संध्याकाळचं देवदर्शन बंद झालं. तिकडे ताराच्या घरात पोहे, आमटी, वांगी, सगळं पांढरं व्हायला लागलं. तिचा नवरा खूश. तारा चोळ्या उसवून घेऊ लागली.

मला हे कळलं त्या दिवशी मी जनाकाकीच्या चुलीपाशी उभी राहून भाषण केलं. “ही फसवणूक आहे काकी! आजारी माणसाला आपण काय खातो ते कळण्याचा हक्क आहे!”

“हाय की हक्क. भूक पन हाय.”

“पण खरं सांगून, समजावून...”

“जा. ओटीवर बसलाय. वाच तुजं पत्रक त्याच्यापुढं. मंग चार वाजता तो उठून गेला की तूच जा त्याला आनायला.”

मी ओटीवर गेले. धर्माकाका विळीच्या आठवणीनं सुखावून डोळे मिटून बसला होता. “काय गो पत्रकवाली,” तो म्हणाला, “जेवून जा. आज बिरडं हाय.” मी जेवून गेले. हे लिहायला मला लाज वाटते, पण लपवायची आणखी वाटेल.

खरी गंमत, किंवा अनर्थ, पुढे झाला. धर्माकाकाचं वजन उतरायला लागलं. लेंग्याची नाडी दोनदा आवळून झाली, दम लागेनासा झाला. आणि तो बरा होऊ लागला तसा गप्प बसेनासा झाला.

रोह्याला कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुटताना, मी पत्रकं वाटत होते. चहाच्या टपरीवर धर्माकाका बसलेला. घरी कंटाळा यायचा म्हणून तो गाडीनं रोह्याला येऊन जुन्या शिफ्टवाल्यांत बसायचा. माझ्या हातातलं पत्रक त्यानं घेतलं आणि तीसेक कामगारांपुढे फडकवलं.

“ह्ये बघा! लिवलंय, नारळ नको! मी रोज आक्का नारळ खातोय. बायको खवते, मी सोता आयकतो. आनि ह्ये बघा!” त्यानं लेंग्याची नाडी ओढून सैल झालेली जागा दाखवली. “डाक्टर खोटा, पत्रक खोटं! डाक्टर शिकलेला हाय, पन त्याला माज्या बायकोसारकी बायको नाय!”

लोक हसले. मी तिथे उभी. मला खरं माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. पत्रकवालीवर याहून मोठा अन्याय होऊ शकत नाही. त्या हसणाऱ्यांत हिरामण होता, धर्माकाकाच्याच बॉयलरवरचा. त्यालाही त्याच डॉक्टरनं तेच सांगितलेलं. तो म्हणाला, “मंग मीच का मरतोय उकडलेलं खाऊन? आज जाऊन सांगतो घरात, फोड नारळ.”

मी तशीच गाडी पकडून निडीला गेले. “काकी, आता तरी सांगा. हिरामण ऐकून गेलाय.” जनाकाकीनं ते सगळं, नाडीसकट, पुन्हा पुन्हा सांगायला लावलं आणि तिचे खांदे थांबेनात. “येडा! नाडी दाखवलान? तीस मानसांत?” हिरामणबद्दल ती एवढंच म्हणाली, “त्याला कोन सांगतंय आयकायला?”

पंधरा दिवसांनी हिरामणला घरच्या पायरीवर कळ आली. रोह्याच्या दवाखान्यात नेला. वाचला. जनाकाकी बघायला गेली तेव्हा मी बरोबर होते. हिरामणची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती कुणावर चिडलीही नाही. म्हणाली, “धर्मादादानं सांगितलं नं, रोज नारळ खाल्ला तरी काय व्हत नाय. म्हनून म्या पन रोज वाटला गो. हातानं वाटला.”

दुसऱ्या दिवशी वाल सोलायला बसलो. मी रात्रभर तयार केलेलं भाषण सुरू केलं.

“गप,” ती म्हणाली. “मला ठावं हाय.”

तिनं दोन-चार दाणे पातेल्यात सोलून टाकले.

“तपासनी धा दिसांवर आली. आता सांगितलं तर तो बिथरनार. वड्यावर जानार, नायतर उपाशी बसनार. धा दिसांत समदं पान्यात. नोकरी गेली तर तो घरात बसून ऱ्हानारा मानूस नाय, तो बसल्या जागी संपंल.” तिनं एक दाणा चिमटीत धरला आणि दाबलाच नाही. “आनि नाय सांगितलं तर गेटवरच्या तीस घरांत आज नारळ वाटतायत.”

“फक्त हिरामणला सांगा. गुपचूप.”

“हिरामन एकलाच आयकत व्हता का? एक खोटं म्या घरात बोलले, त्ये ह्यांनी गावभर वाटलं. आता खरं पन गावभरच वाटाया पायजे. तुमच्या पत्रकावानी.”

त्याच आठवड्यात गडबला धर्माकाकाच्या भाचीचा साखरपुडा होता. धर्माकाकानं बायकोच्या बिरड्याची इतकी हवा केली होती की नणंदेनं निरोपच धाडला, बिरडं वहिनीनंच करायचं. शिफ्टवाले झाडून सगळे येणार होते. नणंदेनं पंचवीस नारळ सोलून ओळीनं मांडून ठेवले होते.

जनाकाकी भल्या सकाळी तारा आणि मला घेऊन गडबला पोचली. मोठमोठी तीन पातेली, सोललेले वाल, एकेक उकळी. मग तिनं यजमानांच्या पेंढ्याच्या उडवीत मागच्या बाजूनं तीन बिळं पाडली, पातेली गोणपाटात गुंडाळून आत ढकलली आणि तोंडं पेंढ्यानं बुजवून टाकली. चूल विझवली. नऊ वाजता मांडवात पाहुणे यायला लागले आणि स्वयंपाकाच्या जागी विस्तव नाही, धूर नाही, पातेलं नाही.

नणंद कासावीस. “वैनी, सैपाक कुटंय?”

“व्हतोय.”

“कुटं व्हतोय?”

“उडवीत.”

नणंद उडवीकडे बघून आली, परत आली, पुन्हा गेली. तारा पहाऱ्याला उभी होती, नणंदेसाठी नव्हे, जनाकाकीसाठी.

दुपारी पंगत बसली. बिरडं वाढलं. त्याच्यानंतर मांडवात जी शांतता पसरली ती मी कुठल्याच सभेत ऐकलेली नाही. नुसता पत्रावळींचा आणि बोटांचा आवाज. धर्माकाका मधोमध बसला होता, दुसरी वाटी संपवत, दोन्ही बाजूंच्या शिफ्टवाल्यांना कोपरानं ढोसत. “काय? बोललो व्हतो का नाय? नारळ बघ कसा उतरलाय!”

तेव्हा जनाकाकी बाहेर आली. पदरात, ताराच्या टोपलीत आणि माझ्या हातांत मिळून आणलेले नारळ तिनं पंगतीच्या मधल्या वाटेवर एकापुढे एक ठेवायला सुरुवात केली. एकही फोडलेला नव्हता.

“वन्सं, ह्ये तुमचं पंचवीस. बघून घ्या. येक पन पातेल्यात गेला नाय.”

कुणाला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. पेटी, पेंढा, भाजलेला तुकडा, विळी. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. शेवटी म्हणाली, “आमच्या ह्यांनी तुमाला सांगितलं रोज आक्का नारळ खातो. त्यांना तसंच वाटत व्हतं. म्या वाटवलं. दोन म्हैनं त्यांनी नारळ खाल्ला नाय, म्हनून वजन उतरलं. त्यांचं आयकून कुनी खात आसंल तर आजपासून बंद करा. हिरामनभावजींची पाळी कुनावर यायला नको.”

“आनि खवलेला नारळ गेला कुटं?” कुणीतरी ओरडलं.

तारानं नेमक्या त्याच क्षणी चोळीची बाही सावरली, आणि मांडव फुटला. लोक पत्रावळींवर वाकून हसले. नणंद हसली. भाची, जिचा साखरपुडा, तीही.

धर्माकाका हसला नाही. त्यानं वाटीत बोट फिरवलं, ते बघितलं, उठला, हात धुतला आणि मांडवातून सरळ हायवेकडे चालत गेला. जनाकाकी नारळांच्या ओळीत उभी राहिली. तो दिसेनासा झाल्यावर तिनं वाकून नारळ टोपलीत भरायला घेतले.

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. वड्यावर गेला नाही, हे कबूल करायला हवं. रागाच्या भरात त्यानं स्वतः भोपळा उकडला, मिठाशिवाय, आणि तिच्यासमोर बसून खाल्ला. तपासणीला जेमतेम तीन दिवस उरले होते. जनाकाकी दारात बसून दुसरीकडे बघत राहायची. पाचव्या दिवशी त्यानं ताट पुढे ओढलं.

“वाढ. पन काय काय घातलंय त्ये सांगून वाढ. समदं.”

“वाल वाटीभर, सोललेले,” तिनं सुरुवात केली. “लसूण चार पाकळ्या. हिंग चिमूट. त्याल येक चमचा. नारळ नाय. नारळाचा वास पन नाय.”

“आनि खोटं?”

“आज शिल्लक नाय.”

त्यानं घास घेतला. बराच वेळ चावला. “वासाबिगर बरं नाय लागत,” तो म्हणाला. “तो तुकडा घालत जा.”

तपासणी झाली. डॉक्टरनं फिटनेस दिला, पण बॉयलरचा नाही. गेटवर बसायचं, आल्यागेल्याची नोंद ठेवायची. बॉयलरच्या माणसाला हे मनाला लागलं. पण कामावर जायला तयार झाला.

त्याच सुमाराला आमच्या मंडळानं मला दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. निरोप घ्यायला मी गेले तो धर्माकाकाचा कामावरचा पहिलाच दिवस निघाला. निडी स्टेशनवर तिघेच होतो. तो खाकी सदऱ्यात, मिशा विंचरलेल्या. तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि फलाटावरच, गाडी लांब दिसत असताना, यादी म्हणायला लागली. वाल, लसूण, हिंग, चमचाभर तेल, भाकऱ्या दोन, मीठ बेतानं. तो मान हलवत ऐकत होता. गाडी आली, तो चढला, दारात उभा राहिला.

“आमसुलं सांगितली नाय!” गाडी हलल्यावर तो ओरडला. “काल आंबट झालं व्हतं! चारच घालायची बोललो व्हतो! आज किती घातली?”

जनाकाकीनं हात उंच केला. चार बोटं, ताठ, लांबूनही दिसतील अशी. त्यानं समाधानानं मान डोलावली. गाडी रोह्याच्या दिशेनं गेली, वळणाआड झाली, तरी तिचा हात वरच होता. मग तिनं माझ्याकडे तिरकं बघितलं, आणि तळव्यात दाबून धरलेला अंगठा हळूच उघडला.